पहिले पान, चाळिसावे पान

मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे. जुनी म्हणजे किती, तर दीड वर्षाची. वह्यांच्या जगात हे म्हातारपणच. माझ्या अंगावर आज बावीस पाने आहेत. जन्मले तेव्हा चाळीस होती. उरलेल्या अठरांचे काय झाले, ते जसे घडले तसे सांगते.

छापखान्यात वीस मोठे कागद एकावर एक रचले, मधोमध दुमडले आणि घडीवर दोन पिना ठोकल्या. झाला माझा जन्म. दुकानातून मला आत्याने आणले. आत्या एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढते. तिथल्या सवयीने तिने माझ्या प्रत्येक पानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात आकडे घातले. एक ते चाळीस. मग मला आपल्या नऊ वर्षांच्या भाचीच्या हातात दिले. घरात सगळे त्या मुलीला टिकली म्हणत.

टिकलीला एकच वेड होते. दर रविवारी वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर एक जाडजूड अस्वल यायचे. गळ्यात मफलर आणि एकाच पायात बूट. ती त्याला एकबुट्या म्हणे. तिला तो हुबेहूब काढायचा होता.

पहिल्या रविवारी तिने पेन्सिल मुठीत धरली आणि थेट कानापासून सुरुवात केली. रेघ इतकी दाबून काढली की तिचा वळ माझ्या तिसऱ्या पानापर्यंत उमटला. डोके मोठे झाले. पायांना जागाच उरली नाही.

टिकलीचा दादा खांद्यावरून डोकावला. "अगं, हे अस्वल आहे की मोड आलेला बटाटा?"

"तू गप रे! तुला तर बटाटासुद्धा काढता येत नाही."

ती रबर शोधू लागली. आत्याने ते आधीच आपल्या पर्समध्ये टाकले होते.

"खोडायचं नाही," आत्या म्हणाली. "चुकली रेघ तर शेजारी दुसरी काढ. पहिली राहू दे. नाहीतर कुठे घसरलीस ते कळणार कसं? आणि पान फाडायचं नाही. कोपऱ्यात तारीख घाल."

"चित्र घाण झालं तरी?"

"घाण झालं तर जरूर घाल."

मित्रांनो, आत्याचे शिकवणे असे होते. पेन्सिल टोकापासून लांब, सैल धरायची. आधी डोक्याचे एक फिकट वर्तुळ, पोटाचे दुसरे. चेहऱ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ, म्हणजे डोळे एका ओळीत येतात. एकबुट्या त्याच्या डोक्याच्या तिप्पट उंच आहे, हे पेन्सिल आडवी-उभी धरून मोजायचे. हात आणि पोट यांच्यामधली पोकळीसुद्धा बघायची, कारण तिलाही आकार असतो. गडद रेघ सगळ्यांत शेवटी.

नऊ रविवार काही जमले नाही. नववा एकबुट्या तर गाडीखाली आल्यासारखा दिसत होता. दहाव्याला मान धडावर बसली. अठराव्या रविवारी आत्याने वर्तमानपत्रच उलटे ठेवले. "आता अस्वल विसर. रेघ कुठून निघते आणि कुठे जाते, तेवढंच बघ." टिकलीने उलटे चित्र उलटेच उतरवले आणि मग मला फिरवले. पानावर एकबुट्या उभा होता. तिने फक्त त्याच्या मफलरवरून बोट फिरवले. त्या दिवशी मला वाटले, ही आता माझीच.

चाळिसाव्या पानावरचा एकबुट्या तिने वर्तमानपत्रात न बघता काढला. तो बसून बुटाची नाडी बांधत होता. तसा तो वर्तमानपत्रात कधीच आला नव्हता. दादानेही तो बराच वेळ पाहिला आणि पहिल्यांदाच काही चिडवले नाही.

त्याच आठवड्यात आत्याने बातमी आणली. चित्रकलेच्या सरांच्या वर्गात एक जागा होती, एकच. शनिवारी वही घेऊन भेटायचे होते. टिकली दोन वर्षे या वर्गाच्या खिडकीखालून शाळेत जात होती.

शुक्रवारी संध्याकाळी दादा म्हणाला, "ती पहिली पानं पण दाखवणारेस? सर हसून हसून खुर्चीतून पडतील."

तो सहज बोलला आणि खेळायला निघून गेला. टिकलीने दार लावले. मला पलंगावर उघडले. आणि पहिले पान धरून ओढले.

एकेक करत तिने नऊ पाने फाडली. घडीपाशी राहिलेल्या चिंध्या लोकांना दिसतील म्हणून त्याही नखाने पिनांखालून उकरून काढल्या. काम फार व्यवस्थित केले. ज्या बोटांना मी चाळीस रविवार वळण लावले, त्याच बोटांनी माझा केसाने गळा कापला. नऊ बटाटे चुरगळून कचऱ्याच्या डब्यात गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. माझे पहिले पान आणि चाळिसावे पान हा एकच कागद. दुसरे आणि एकोणचाळिसावेही तसेच. पुढची नऊ गेली तेव्हा मागची नऊ नुसती टेकून उरली होती. मला ओरडता आले असते तर ओरडले असते.

शनिवारी आत्याच्या स्कूटरवर टिकलीने मला काखेत धरले होते. मोठ्या चौकात वारा आला. बत्तीस, तेहतीस, चौतीस... मी मोजत राहिले. चाळिसावे पान एका बसच्या चाकाखाली गेले. टिकली पुढे बघत होती.

सरांनी मला सावकाश उघडले. बाहेरच्या बाकावर आत्या बसली होती. दार उघडेच होते.

"बरं काढतेस," सर म्हणाले. "पण सुरुवात कुठाय?"

"हीच सुरुवात आहे सर. मला... मला पहिल्यापासून असंच येतं."

सरांनी पान उलटले आणि कोपऱ्यातला आकडा वाचला. "दहा." मग शेवटचे पान उलटले. "एकतीस. पुढे?"

टिकलीने झडप घालून मला घेतले. मागून पुढून चाळले.

"काल होतं सर! शप्पथ! नाडी बांधणारा होता..."

"असेल. पण मी काय बघून मानू?" सरांचा आवाज चढला नाही. "काचेवर ठेवून गिरवलेली सुंदर चित्रं घेऊन रोज कुणीतरी येतं, बाळ. मी चुकलेली पानं आधी बघतो. हात कुठे अडतो आणि कसा सुटतो, ते तिथेच दिसतं. तू नेमकी तीच काढून टाकलीस."

जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याच्या वहीत पहिली सोळा पाने भयंकर होती.

जिन्यात आत्या एवढेच म्हणाली, "फाडण्याआधी मला सांगायचं होतंस." स्कूटर सुरू करताना तिने टिकलीकडे पाहिले नाही. मोठ्या चौकात पुन्हा वारा लागला, तेव्हा मात्र आत्याने स्कूटर बाजूला घेतली. दोघींनी पाने शोधली. काळे डाग पडलेला एक तुकडा सापडला. त्यावर अर्धा बूट होता.

तो तुकडा टिकलीने चिकटपट्टीने माझ्या शेवटी लावला आहे. चिकटपट्टी आता पिवळी पडली. टिकलीकडे नवी वही आहे, तारेच्या वेटोळ्यांची. तिचे एक पान फाडले तर दुसरे सुटत नाही. तरी परवा कपाटावरून मी पाहिले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक वेडावाकडा घोडा होता. दादा हसला, टिकलीचा हात पानाकडे गेला आणि थांबला. तिने पेन्सिल उचलून घोड्याखाली तारीख घातली. मला मात्र तिने खाली काढले नाही.

मित्रांनो, तुमच्याही वहीत असे एखादे पान असेल. ते फाडण्याआधी घडीपाशी बोट ठेवा आणि तोच कागद पलीकडे कुठे निघतो ते बघून या. तिथे कदाचित अजून काही काढलेले नसेल. माझ्या चाळिसाव्या पानावरही पहिल्या रविवारी काहीच नव्हते.