दुसरी पट्टी

“हलू नकोस म्हटलं ना! बोलूही नकोस.”

“मग श्वास तरी घेऊ का, ताई?” टेबलावर उघड्या छातीने पडलेला भाऊ म्हणाला. दुकानाचं शटर ओढताना त्याच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, म्हणून बायकोने त्याला जवळजवळ ओढतच इथे आणलं होतं. दुसरीकडे कशाला जायचं? घरचीच ताई हृदयविभागात सिस्टर होती आणि ईसीजी वाचण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. नव्या मुली पट्टी घेऊन आधी तिच्याकडे धावत, मग डॉक्टरांकडे.

यंत्रातून पट्टी सरकत बाहेर आली. सिस्टरने ती उजेडाकडे धरली. ठोक्यानंतर रेघ जिथे खाली उतरायला हवी, तिथे ती वरच फुगून राहिली होती, झटक्याची खूण. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर सिस्टरने जागेवरूनच डॉक्टरांना हाक मारली असती. पण टेबलावर हा होता. आई गेल्यावर तिने कडेवर घेऊन वाढवलेला, तिच्या कुशीशिवाय न झोपणारा. मनाने लगेच दुसरं कारण पुढे केलं आणि तिने ते आनंदाने घेतलं.

“वायर नीट बसली नाहीये,” ती म्हणाली. “किती घामेजलायस रे! आणि छातीवर हे जंगल!”

कारण अगदीच खोटं नव्हतं, हाच तर सगळा घोळ. घामाने वायर सुटते, रेघ वेडीवाकडी येते, हे मुलींना तिनेच शिकवलं होतं. पण कळ ओसरली की झटक्याची रेघही सुधारते, म्हणून शंका आली तर दोन्ही पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हेही तिनेच शिकवलं होतं. एकीने पहिली पट्टी फेकून दिली, तेव्हा ती रडेपर्यंत तिला झापलं होतं.

तिने छाती पुसली, केस काढले, वायरी पुन्हा लावल्या. तेवढ्यात कळ ओसरली.

“गेलं बघ,” भाऊ म्हणाला. “तुझा हात लागला नि गेलं.”

दुसरी पट्टी आली ती अगदी नीटनेटकी. सिस्टरला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. पहिली पट्टी तिने चुरगळून ओल्या कापसाबरोबर टोपलीत टाकली.

डॉक्टरांनी हातातली पट्टी पाहिली. “एकदाच काढलात?”

“दोनदा. पहिला खराब आला, वायर सुटली होती.”

“ठेवून घ्यायचं का रात्रभर?”

“ताई, घरी जाऊ दे ना,” भाऊ मधेच म्हणाला. “तू बघितलंस ना? मग झालं तर.”

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने ‘नको’ अशी मान हलवली. त्यांचा तिच्यावर विश्वास होता, ते पुढच्या पेशंटकडे वळले.

सकाळी भाऊ आंघोळीला गेला, तो बाहेर आलाच नाही. दार फोडावं लागलं.

भेटायला माणसं येत राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला भावजय तेच सांगत होती. “ताईंनी स्वतः ईसीजी काढला होता हो. एकदा नाही, दोनदा. मनात शंका नको म्हणून. सख्खी बहीण आणखी काय करणार?” माणसं सिस्टरकडे आदराने बघत, कुणी पाठीवरून हात फिरवी. हलकट आदर होता तो, तिच्या अंगावर काटा येई. दोनदा तिने सांगायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा कुणीतरी आत आलं आणि तिला बरंच वाटलं.

संध्याकाळी दोघीच उरल्या. सिस्टरने सगळा जीव गोळा केला. “हे बघ, मला तुला एक सांगायचंय. ती पहिली पट्टी…”

“नका ना ताई,” भावजयीने तिचा हात धरला. “मनाला लावून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून तर मला रुखरुख नाही. नाहीतर जन्मभर वाटलं असतं, वेळेवर दाखवलं नाही.”

सवयीने सिस्टरची बोटं भावजयीच्या मनगटावर गेली. ठोके संथ पडत होते, मनात कसलीच शंका नसलेल्या माणसाचे. सिस्टरने ते मनगट हलकेच सोडलं आणि ती दिवा लावायला उठली.