शेडच्या जागेचा कागद

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. राजरत्नला ती चढायची नव्हतीच. घोडेगावात कोर्टासमोर कल्याणी वकिलांचं ऑफिस होतं, तिथवरच त्याला जायचं होतं. कल्याणी त्याच्या आत्याच्या सासरकडची. म्हणून फी कमी घेईल अशी त्याची अटकळ होती, ती पुढं साफ खोटी ठरली.

राजरत्नचं पारगावात रस्त्याकडेला वेल्डिंगचं शेड होतं. उसाच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, देवळाचं गेट, येईल ते तो जोडायचा, आणि त्यानं जोडलेलं पुन्हा त्या जागी तुटायचं नाही. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात चाकणच्या एका कंपनीनं त्याला लोखंडी स्टँडचं वर्षभराचं काम देऊ केलं आणि सोबत इंग्रजीत भलामोठा करार धाडला. तो घेऊन स्वारी घोडेगावला आली.

कल्याणीनं करार वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"माल उशिरा गेला तर रोजचा दंड आहे. पारगावात वीज किती तास असते?"

"आसती तवा आसती."

"मग भारनियमनाचे तास यातून वगळा असं कळवू. नाहीतर दंड भरायलाच राबाल. शॉप ॲक्ट, सेल्स टॅक्सचा नंबर, तेही काढून देते. शेडची जागा कुणाची आहे? जागेचा कागद मागितलाय त्यांनी."

इथंच घोडं पेंड खात होतं.

जागा धर्माजीची. गावठाणातला पडीक तुकडा. चौऱ्याण्णव साली राजरत्न आयटीआय करून आला तेव्हा धर्माजी म्हणाला होता, "टाक शेड हितं. तुला कोन उठ म्हनायचं न्हाई." ना भाडं, ना कागद. धर्माजीच्या घरचं काही मोडलं तर राजरत्ननं जोडून द्यायचं. संध्याकाळी धर्माजी शेडपुढं बाजेवर बसायचा आणि साऱ्या तालुक्याचं राजकारण मिटवून मगच जेवायला उठायचा.

कागदाच्या बाबतीत मात्र दोन घरांच्या दोन तऱ्हा. राजरत्नच्या आजोबानं उभी हयात दुसऱ्याच्या शब्दावर काढली, आणि तो शब्द देणाऱ्याच्या सोयीनं फिरायचा. म्हणून बौद्ध झाल्यावर त्या घरात पोरांना पहिला धडा मिळाला तो हा, की सही असल्याशिवाय काही खरं धरायचं नाही. धर्माजीकडं नेमकं उलटं. कुळकायद्यात त्याच्या बापाची नदीकाठची जमीन गेली, ती उताऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं म्हणून. दुधानं तोंड पोळलेलं ते घर. तेव्हापासून कुणालाही दोन ओळी लिहून द्यायच्या नाहीत हा त्यांचा रिवाज पडला. तलाठी गावात दिसला की धर्माजीची बायको साळुबाई दाराला कडी घालायची.

राजरत्ननं कागदाचं नाव काढलं आणि व्हायचं तेच झालं.

"माजा शबूद उना पडला व्हय रं?" एवढंच म्हणून म्हातारा बाजेवरून उठला, तो कितीतरी दिवस शेडकडं फिरकला नाही.

शेवटी त्याचा मुलगा सुदर्शन मधे पडला. जागेला धक्का लागणार नाही असं काही वकीलबाईंनी बसवलं तर आमची ना नाही, म्हणाला. कल्याणीनं अकरा महिन्यांचा भाडेकरार तयार केला आणि तिघांना ऑफिसात बसवून मोठ्यानं वाचला.

"सदर जागेवर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही सांगणार नाही. मुदत संपताच जागा विनातक्रार रिकामी करून देईन."

सुदर्शनचा चेहरा खुलला. धर्माजीचा पडला.

"ह्ये कुनी लिवलं? मी कवा म्हनलं ह्याला, जा म्हून?"

"कुणी नाही म्हटलं, आजोबा. पण ही ओळ नसली तर तुमच्या मुलाला झोप लागायची नाही."

"मग फाडा त्यो कागद. माज्या शब्दाला मुदत नसती."

 राजरत्न मान खाली घालूनच बोलला.

"आबा, तुमचा शबूद सोन्याचा हाय. पर तुमच्या मागं मी कुनाचा शबूद धरू?"

सुदर्शन टेबलावरचं पेपरवेट फिरवू लागला. 'माझा धर' असं काही तो म्हणाला नाही. धर्माजी पोराकडं बघत राहिला. दिसायचं ते दिसलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला.

"वकीलबाई, माज्या मागं पोरास्नी बांधील, आसा कागद आसतो का?"

"असतो की. दहा वर्षांचा भाडेपट्टा रजिस्टर करा. वारसांनाही तो मोडता येत नाही. कुळकायद्याचा इथं संबंध नाही, जागा गावठाणात आहे. फक्त उताऱ्यावर भाडेपट्टेदार म्हणून यांचं नाव चढेल."

राजरत्नला आशा वाटली. अगदी खरी आशा वाटली. हा माणूस करील. सुदर्शन कितीही आडवा आला तरी करील, कारण शब्दाला जागणारा म्हणून पंचक्रोशीत त्याचंच नाव घेतात.

धर्माजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"आकराच आसू द्या," तो म्हणाला.

सह्या झाल्या. निघताना म्हाताऱ्यानं राजरत्नच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला कोन उठवत न्हाई रं." आणि तो खोटं बोलत नव्हता, अगदी मनापासून बोलत होता. राजरत्नला फार वाईट वाटलं. राग मात्र येईना, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

बापलेक एसटी गाठायला गेले. राजरत्न खुर्चीतच बसून राहिला.

"आता काय राहिलं, दादा?" कल्याणीनं विचारलं. "झालं की तुमचं काम."

"झालं," तो म्हणाला. "ताई, गुंठाभर जागा इकत घ्यायची म्हनली, तर काय काय कागद लागत्यात?"