कृपया थांबावे

चांदूर रेल्वेच्या वाचनालयातून दीपमालाताईंचं पत्र आलं होतं. त्याला मी वीस दिवस उत्तर दिलं नाही. तिथे चालणारा पुस्तकनोंदणीचा प्रोग्रॅम मी निवृत्तीनंतर शिकत शिकत लिहिलेला. त्यात संकोचापायी फोन नंबर न देता अकोल्याचा पत्ता तेवढा दिला होता.

त्यांनी लिहिलं होतं: 'सर, अमरावतीच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीतून पुस्तकाची माहिती मागवली आणि तिकडून उत्तर आलं नाही, की प्रोग्रॅम वाट पाहत बसतो. तो थांबवायला कंट्रोल-सी दाबलं तर म्हणतो, "आपली विनंती मिळाली. कृपया थांबावे." दुपारभर थांबले. शेवटी प्लग ओढला, दिवसाच्या नोंदी गेल्या. एक तारखेपर्यंत इलाज कळवा, नाहीतर समिती पुन्हा कागदी रजिस्टर सुरू करणार आहे.'

'कृपया थांबावे' हे मी फार विचार करून घातलं होतं.

"बाबा, हे काय?" सून ज्योत्स्नाने माझ्या उत्तराचा अकरावा मसुदा उचलला. "सारी माफीच हाय. इलाज कुठी हाय?"

"सापडत नाही. बटण दाबल्याचं प्रोग्रॅमला कळतं, तो तशी खूण करून ठेवतो."

"मंग थांबत काहून नाही?"

"हातातलं काम झालं की खूण बघतो."

"अन् हातातलं काम काय?"

"अमरावतीच्या उत्तराची वाट पाहणं."

"जे येऊनच नाही राहिलं!" ती खुर्चीत बसून हसली. "बाबा, हे तं तुमीच हाय. जेवाले हाक मारली की 'आलो आलो', अन् पुस्तक संपल्याशिवाय मान वर नाही. निदान पान उलटताना तरी पाहत जा!"

मी उठून कॉम्प्युटरपाशी बसलो. प्रोग्रॅमचं ते लांबलचक वाट पाहणं तोडून एकेका सेकंदाचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर खूण बघायची. असेल तर आधीच्या नोंदी जपून बाहेर पडायचं. इंटरनेटची वायर काढून कंट्रोल-सी दाबलं. थांबला. विश्वास बसेना, म्हणून आणखी चौदा वेळा दाबलं.

एकोणतीस तारीख होती. नवा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला, चार ओळी लिहिल्या आणि ज्योत्स्नाच्या स्कूटीवर मागे बसून पोस्टात गेलो. स्पीड पोस्टच्या खिडकीत पाकीट सरकवलं आणि लगेच हात आत घातला.

"एक शब्द बदलायचा होता."

"काका, शिक्का मारला," आतल्या बाई म्हणाल्या. "हात काढा, मागं लाइन हाय."