भनपुरीत सापडलेले श्रोते

एका परदेशी रेडिओला आपलं हिंदी प्रसारण शॉर्टवेव्हवर ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायचं होतं. त्यासाठी रायपूरमधल्या दोनशे घरांत जाऊन विचारायचं काम एका सर्व्हे एजन्सीमार्फत इंदू रामटेकेकडे आलं. छत्तीसगढ राज्य होऊन दहा वर्षं झाली होती. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतही छपराछपरावर डिश दिसत होत्या.

आठ दिवसांत एकशे साठ घरं झाली. शॉर्टवेव्ह ऐकणारे निघाले तीन. एका बाईनं तर तिलाच विचारलं, "वो वाला रेडिओ अभी भी आता है क्या?"

"बंदच करतीन आता," घरी आल्यावर इंदू म्हणाली.

तिचे बाबा गंगाधर रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते मेथी निवडत होते. "तू घरात शोधून राहिली," ते म्हणाले. "मी रेडिओ कुठं ऐकत होतो? मालगाडीच्या मागच्या डब्यात. जे घरापासून दूर असतात त्याइले विचार. भनपुरीले जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शहराच्या टोकाला, भनपुरीच्या ट्रक अड्ड्यावर गेली. माल भरायला ट्रक रांगेत उभे होते. गोंदियाकडचा हरिदास नावाचा ड्रायव्हर चहा पीत होता. त्याच्या केबिनमध्ये तारेनं बांधलेला रेडिओ होता.

"जगदलपूरच्या पुढं आतल्या गावात ना बिजली, ना टॉवर," तो म्हणाला. "मी संध्याकाळी हे शॉर्टवेव्हवरचे समाचार लावले का लोक ट्रकभोवती येऊन बसतात. कोणाकोणाकडं स्वतःचाही आहे."

"किती लोक असतीन, भैया?"

"कधी मोजले नाही. आता मोजून आणतो."

बाकीचे ड्रायव्हरही जमले. दुपारपर्यंत इंदूच्या वहीत तेवीस गावांची नावं झाली. पंधरा दिवसांनी हरिदासनं घडी घातलेला कागद आणून दिला. त्याच्या वाटेवरच्या सात गावांत मिळून दोनशे बारा श्रोते.

एजन्सीचा सुपरवायझर लोकेश वैतागला. "सैंपल रायपुर का था. बस्तर किसने बोला?"

"रायपुर में ही तो पूछा है, सर."

तो नाइलाजानं हसला. "फॉर्म में मत मिलाओ. अलग से लिख के दो."

तिनं दोन पानं लिहिली, तीनदा फाडून पुन्हा लिहिली. शहरातल्या दोनशे घरांत हा रेडिओ ऐकणारे तिघंच निघाले, हेही तिनं लपवलं नाही. सोबत हरिदासचा कागद जोडला.

तीन महिन्यांनी निर्णय आला. सकाळचं प्रसारण बंद. संध्याकाळचा अर्धा तास आणखी एक वर्ष चालणार, आणि पुढचं ठरवण्याआधी त्या तेवीस गावांत जाऊन विचारायचं. ते काम इंदूनंच करावं, असं पत्रात लिहिलं होतं.

निघण्याआधी ती बूढापारा मोहल्ल्यातल्या नरहरकाकांकडे गेली. शहरातल्या त्या तिघांपैकी ते एक, रोज सकाळी ऐकणारे. बातमी ऐकून ते म्हणाले, "मी आता संध्याकाळी ऐकीन. तू जाय बाई, त्याइले विचार."

बसनं, मग जीपनं ती पहिल्या गावात पोचली. ड्रायव्हरांनी निरोप पोचवला होता; महुआच्या झाडाखाली तीसेक माणसं वाट पाहत बसली होती. इंदूनं पेन उघडलं, पण पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या बाईनंच केला.

"दीदी, समाचार वाली बाई बहुत जल्दी-जल्दी बोलती है. उसको बोलोगी, धीरे बोले?"

"हव," इंदू म्हणाली, आणि फॉर्म बाजूला ठेवून तिनं आधी तेच लिहून घेतलं.