चव्वेचाळिसावी रांग

लायल क्विस्टने अट घातली तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू व्हायला सव्वा तास होता आणि चव्वेचाळिसाव्या रांगेत त्याच्याशिवाय फक्त त्याची लेक टेसा होती.

"आज कोच प्रॅथरने त्यांच्या अर्ध्या मैदानात जाऊन, चौथ्या डावावर, एका यार्डासाठी चेंडू लाथाडला ना," तो लेकीला म्हणाला, "तर हा फॉर्म मी भरणार नाही. लिहून ठेव तुझ्या वहीत."

टेसाने हातमोजा काढला आणि लिहून ठेवलं. तारीख, वेळ, अट. मातीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ही सवय जडतेच: आधी अट लिहायची, मग निकाल बघायचा. वडिलांच्या कोटाच्या वरच्या खिशातून पुढच्या हंगामाच्या जागांच्या फॉर्मचा पिवळा कोपरा डोकावत होता. घरच्या मैदानावरचा हा हंगामातला शेवटचा सामना. तो संपल्यावर तासाभरात दक्षिण दाराजवळच्या खिडकीवर फॉर्म पोहोचला नाही, तर अकरा आणि बारा नंबरच्या जागा यादीत ताटकळणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होत्या. एक्क्याऐंशी सालापासून त्या क्विस्टांच्या होत्या.

टेसाला घोर लागला होता तो जागांचा नव्हे. आई फीनिक्सला निघून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे हंगामातले हे सहा शनिवार. फोनवर लायल हवा कशी आहे ते सांगायचा, मक्यात अजून किती ओल आहे ते सांगायचा, आणि "बरं, ठेवतो" म्हणायचा. इथे मात्र ती साडेतीन तास गाडी हाकत येऊन शेजारी बसली, दोघांची नजर मैदानाला लागली, की तोंडं सुटायची. मार्कसशी लग्न मोडल्याचं तिने त्याला असंच, एका तिसऱ्या आणि चौथ्या डावाच्या मध्ये सांगितलं होतं. त्याने मैदानावरची नजर न काढता खिशातला रुमाल पुढे केला होता. जागा गेल्या तर हे सगळं कुठे करायचं?

"तू आलास कधी?" तिने विचारलं.

"दारं उघडली तेव्हा. गाडी लावायला जागा मिळत नाही नंतर."

हळूहळू रांगा भरल्या. खालून ड्वेन होलुब धापा टाकत वर आला, त्याच्यामागून त्याची बायको बर्निस, दोन्ही हातांत चिली नावाच्या तिखट रश्श्याचे कागदी वाडगे आणि त्यावर तोल सावरत ठेवलेले दालचिनीचे रोल. बियाणांचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ड्वेनला कोचची बाजू घेण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. तेहतीस वर्षं तो तेरा नंबरच्या जागेवर बसत होता आणि तेहतीस वर्षं लायलचं एक मत त्याला पटलेलं नव्हतं.

"घे तुझं," बर्निसने लायलच्या हातात वाडगा दिला. "सप्टेंबरपासून तुला रांगेत उभं राहून चिली आणतेय मी. पुढच्या वर्षी पगार लाव."

"पुढच्या वर्षी मी नाही," लायल म्हणाला.

"आलं, सुरू झालं," ड्वेन म्हणाला. "अरे लेका, सहा जिंकलेत, चार हरलेत. गेल्या वर्षी आत्तापर्यंत दोन जिंकले होते."

"झोपेत जिंकलेत. सोरेन्सन कोच होता तेव्हा आपण हरायचो, पण हवेत हरायचो. चेंडू उडायचा, डोळ्यांना काही दिसायचं. हा माणूस काय करतो? पहिला डाव, मधून घूस. दुसरा डाव, मधून घूस. तिसरा डाव, काहीतरी नवीन करतोय असं दाखव आणि मधून घूस. चौथा डाव, लाथ. माझी आजी असं शिवणकाम करायची."

"टेसा, तुझी वही काय म्हणते?" बर्निसने विचारलं.

"पहिल्या डावाला शंभरातल्या एकाहत्तर वेळा मधून धाव," टेसा म्हणाली. "आणि एक-दोन यार्ड राहिलेले असताना समोरच्यांच्या अर्ध्यात चौथा डाव आला नऊ वेळा. नवांत आठदा लाथ."

"बघ," लायल म्हणाला. "विज्ञान."

"नवव्या वेळी काय झालं तेही सांग की," ड्वेन म्हणाला.

"चेंडू हातातून सुटला."

"बघ," ड्वेन म्हणाला. "विज्ञान."

सामना वहीत लिहिल्याप्रमाणेच होऊ लागला. घरचे क्रेन्स मधून घुसत होते, तीन यार्ड, दोन यार्ड, चार यार्ड, आणि स्टेडियमभर एक कंटाळलेला हुंकार पसरत होता. चार डावांत दहा यार्ड काढले तर चेंडू आपल्याकडे राहतो, भरवसा नसेल तर चौथ्या डावाला तो दूर लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतात, आणि प्रॅथर ते दहा यार्ड सुतार लाकूड तासतो तसे काढत होता. मागच्या रांगेतला एक तरुण प्रत्येक डावाला "फेक रे बाबा" म्हणत होता. सुरुवातीला तो ओरडत होता, मग सांगत होता, शेवटी नुसता पुटपुटत होता.

तिसरा डाव आला की वरच्या रांगा उभ्या राहायच्या. हा जुना रिवाज. लायल उभा राहत नव्हता. "असल्या डावाला कोण उभं राहील?" हे तो सप्टेंबरपासून म्हणत आला होता, आणि त्याचा हा निषेध आता आसपासच्या तीन रांगांना ठाऊक होता. उभे असलेले लोक खाली वाकून त्याला काय झालं ते सांगायचे आणि तो मान हलवायचा.

शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा क्रेन्स दहा विरुद्ध तेरा असे मागे होते. चेंडू पाहुण्यांच्या सदतीस यार्डांच्या रेषेवर. तिसऱ्या डावाला क्रेन्स पुन्हा मधून घुसले आणि एक यार्ड कमी पडला.

चौथा डाव. एक यार्ड.

ड्वेनने टेसाकडे पाहिलं. टेसाने वहीकडे पाहिलं. मैदानात लाथ मारणारा पोरगा डोक्यावर हेल्मेट चढवत धावत निघाला आणि बारा हजार माणसांनी एकदम घशातून तो आवाज काढला, दूध उतू गेल्यावर घरात कोणीतरी काढतं तसला.

"संपलं," लायल म्हणाला आणि खिशातला फॉर्म आणखी खोल सारला.

मग प्रॅथरने हात वर केला. पोरगा थबकला, मागे वळून पाहू लागला आणि परत फिरला. नेहमीचे अकरा जण पुन्हा रेषेवर आले.

स्टेडियम उठलं. सत्तर वर्षांच्या बायका बाकांवर चढल्या. ड्वेनसुद्धा, जो दहा सामने लाथेची बाजू लढवत आला होता, टोपी काढून उभा राहिला. टेसा उभी राहिली आणि सहज डावीकडे वळली, कारण हा क्षण ज्याने मागितला होता त्याचं तोंड तिला बघायचं होतं.

लायल उठत होता. एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर, दुसरा स्वतःच्या मांडीवर. वीतभर उठला. त्याचा उजवा गुडघा थरथरला, ओठ आत गेले, आणि तो पुन्हा बसला. त्याच्यासमोर होती फक्त पाठींची भिंत, हिरवे-पिवळे कोट.

गर्जना झाली.

"काय झालं?" लायलने विचारलं. "मिळाला?"

"मिळाला," टेसा म्हणाली. "दोन यार्ड."

"फेकला?"

"नाही. मधून."

"वाटलंच मला," लायल म्हणाला, आणि वाडग्यातली गार झालेली चिली चमच्याने ढवळू लागला.

त्यानंतरचे तीन डाव मधून गेले. दोन यार्ड, एक यार्ड, दोन यार्ड. घड्याळ पळत होतं आणि प्रॅथर हाताची घडी घालून उभा होता. "अरे, आता तरी," ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हे यावं याचं बर्निसला हसू आलं. मग बरोबरी साधायला सत्तेचाळीस यार्डांवरून खांबांमध्ये लाथ. चेंडू उजवीकडून निघून गेला, अगदी निवांत, जसा काही त्याला तिकडेच काम होतं. बँडने एक सूर धरला आणि मध्येच सोडून दिला.

ड्वेनने लायलच्या खांद्यावर हात ठेवला. "पण धीर दाखवला त्याने. एका यार्डासाठी लाथाडला नाही. भर फॉर्म."

"धीर?" लायल म्हणाला. "धीर म्हणजे फेकणं. मी फेकण्याबद्दल बोलत होतो."

टेसाने वही उघडून त्याच्यासमोर धरली. त्यात फेकण्याचा शब्द नव्हता. लायलने वाचलं आणि तोंड फिरवलं.

प्रयोग संपल्यावर अट बदलणारे लोक टेसाने पाहिले होते. ते खोटे नसतात. त्यांनी मोजायला घेतलेलं असतं एक आणि त्यांना छळत असतं भलतंच. होलुब नवराबायको निरोप घेऊन खाली गेले, रांगा रिकाम्या झाल्या, तरी लायल बसूनच होता. "गर्दी ओसरू दे," तो म्हणाला. हेही तो सप्टेंबरपासून म्हणत होता. वहीत तिने सातशेच्या वर डाव लिहिले होते, आणि यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. दारं उघडताच येणारा बाप. खाली न जाणारा बाप. सप्टेंबरात एकदाच ती त्याच्याबरोबर वर आली होती, तेव्हा तो अर्ध्यावर वाकला होता. बुटाची नाडी बांधतो, म्हणाला होता. तिने आता त्याच्या बुटांकडे पाहिलं. बाजूला इलॅस्टिक असलेले, नुसते पाय सरकवायचे बूट. हेच तो चार वर्षं घालत होता.

"किती पायऱ्या आहेत, बाबा?"

"अठ्ठ्याऐंशी," तो लगेच म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"कोण डॉक्टर?"

"बाबा."

"वसंतात गुडघे कापू म्हणतो. दोन्ही. कापल्यावरही जिने नकोत म्हणतो, शहाणा आहे मोठा." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "तुला कशाला सांगायचं? तिकडे बसून काळजी करत बसली असतीस."

"म्हणून प्रॅथरचं निमित्त."

"प्रॅथर वाईटच आहे," लायल म्हणाला. "त्यात काही खोटं नाही."

ते उतरायला लागले. एका हाताने लोखंडी दांडा, दुसऱ्या हाताने टेसाचा खांदा. तीन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या.

"अगदी प्रॅथरसारखा उतरतोयस," टेसा म्हणाली.

"मला चाळीस मिनिटं आहेत. त्याला चार होती." आणखी तीन पायऱ्या. "आणि मी पोहोचणार आहे."

मधल्या ओट्यावर तो कठड्याला टेकला. टेसाने त्याच्या खिशातून फॉर्म काढून घेतला, तेव्हा त्याने अडवलं नाही. जागा बदलून हवी असल्यास, असा एक रकाना होता. तिने तिथे लिहायला पेन टेकवलं.

"कुठे?" त्याने विचारलं.

"पाचवी रांग. बँडच्या बाजूचा कोपरा. दहा पायऱ्या."

"तिथे माणसं बसत नाहीत. तिथे बसतात ती चेंडू वर उडाला की ओरडणारी मंडळी. तिथून डाव उलगडताना दिसतच नाही, नुसती ढुंगणं दिसतात."

"वरूनही आज तेच दिसलं तुला."

खाली झाडणाऱ्यांनी रिकाम्या रांगांतून कागदी वाडगे लोटायला सुरुवात केली होती. तो बराच वेळ चव्वेचाळिसाव्या रांगेकडे मान वर करून पाहत राहिला.

"तू साडेतीन तास गाडी चालवून ढुंगणं बघायला येणार?"

"मी प्रॅथरसाठी येत नाही."

"ट्रम्पेटच्या आवाजात बोलता येणार नाही," तो म्हणाला.

"ओरडून बोलू."

त्याने नाकाने हवा सोडली. "तिथून तीन यार्डसुद्धा दहा वाटतात. उद्या मला हा कोच आवडायला लागला तर जबाबदारी तुझी." आणि हात पुढे केला. "दे ते पेन. तुझं अक्षर खिडकीतल्या बाईला लागणार नाही."

टेसाने पेन दिलं. त्याने पाचवी रांग लिहिली, सही केली, तारीख घातली. तिने हात पुढे केला तरी फॉर्म त्याने दिला नाही. सगळ्यात खाली, अन्य सूचना, असं छापलेली एक बोटभर चौकट होती. लायलने फॉर्म कठड्यावर सपाट केला आणि तिथे बारीक अक्षरांत लिहायला लागला. चौकट भरली. त्याने कागद उलटला.

"बाबा, खिडकी बंद होईल."

"पहिल्या डावाबद्दल झालं," तो मान वर न करता म्हणाला. "आता तिसऱ्याबद्दल लिहितोय."