घाईचं कार्ड आणि मी

खट्! प्रोसेसर माझ्या खाचेत बसवून दुकानदारानं कडी दाबली, तो माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज. मी एक कॉम्प्युटर. व्हिडिओच्या छोट्या स्टुडिओत माझं आयुष्य गेलं.

मालकांनी तेव्हा दिखाऊ पेटीपेक्षा तगडा प्रोसेसर निवडला. पण पुढं चित्रण जड होत गेलं. एकेक फिल्म तयार करायला मला अर्धा दिवस लागू लागला. पंखा धापा टाकायचा. जाळीतली धूळ पुसताना मालकीणबाई म्हणायच्या, "दमलास ना रे?"

मग त्यांच्या भावानं ग्राफिक्स कार्ड आणून मला जोडलं. "भावोजी, बैलगाडीला इंजिन लावलंय बघा!"

खरंच, माझं तासांचं काम ते मिनिटांत उरकायचं. मला हायसं वाटलं. थोडं वाईटही.

आता तर नवं यंत्र येणार म्हणतात. येऊ दे. निवडताना वेग बघाच. पण सावकाश, जपून करायचं काम त्याला जमतं का, तेही बघा. असं एक काम माझ्या वाट्याला आलं होतं.

एक सुतारकाका आले होते. बायको जाऊन वर्ष झालेलं. तिचं जुनं चित्रण मुलीच्या मोबाइलात मावेल एवढं लहान करून हवं होतं. मुलगी नोकरीसाठी दूर निघाली होती, संध्याकाळच्याच गाडीनं.

मालकांनी काम कार्डाला दिलं. चहा निवायच्या आत फाइल तयार! काका पडद्याशी वाकले. चित्रणातल्या अंधाऱ्या खोलीत बायकोचा चेहरा हसला, की त्याचे चौकोन चौकोन होत.

"ही आमची ही नाही हो," काका हळूच म्हणाले.

"एवढ्या लहान फाइलीत कार्डाला बारकावे सांभाळता येत नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. "प्रोसेसरला द्या, अहो."

"आणि यांच्या मुलीची गाडी चुकली म्हणजे?"

"मग सगळं कशाला? हसण्यापुरतंच घ्या."

काका म्हणाले, "घ्या तेवढंच. हिचं बोलणं मला पाठ आहे. फोनवर सांगेन मुलीला."

मी कामाला लागलो. एकेक चित्र निरखून पुढं सरकवत होतो. अंग तापलं. मालकांनी माझं झाकण काढलं, मालकीणबाई पुठ्ठ्यानं वारा घालू लागल्या.

तेवढ्यात खांद्याला बॅग लावून मुलगी दारात आली. "बाबा, अहो चला ना, गाडी..."

पडद्यावर तिची आई हसत होती. गालावरची खळीसुद्धा दिसत होती.

मुलीनं मोबाइल पुढं केला. मालकांनी फाइल त्यात घालून दिली. तिनं तो दोन्ही हातांत धरला, वडिलांच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकलं, आणि त्यांना घेऊन पायऱ्या उतरून गेली.