म्हणे, साकव कुजका होता!

मी साकव बोलतोय. रत्नागिरीपासून तीन कोसांवरच्या एका पऱ्ह्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, माझा मुक्काम होता. ऐनाच्या लाकडाचे दोन लांब सोट आणि वर फळ्या, एवढाच माझा पसारा. एकतीस साली महिपत सुताराने मला घडवलं आणि दोन्ही काठांच्या जांभ्या दगडावर हात-हातभर टोकं जादा ठेवून बसवलं.

मग मला तपासायला आला सरकारी ओव्हरसियर. डोक्यावर टोपी, काखेत वही, आणि अक्कल? ती वहीतच असावी. त्याने माझ्यावर एक माणूस उभा केला. मी बोटभर वाकलो. तिघे उभे केले, तीन बोटं वाकलो. झालं! बारा माणसांना बारा बोटं, म्हणजे बारा जण सहज पेलतील, असं लिहून स्वारी खूश.

“सायेब, पोट काय मोजता, टोकां बघा,” महिपत म्हणाला. “वाकला की टोकां आत सरकतात. थोड्यात दिसत नाय, पण वाकणं दुप्पट झालं तर सरकणं चौपट.”

“तू मला शिकवणार?” साहेब हसला. शिवाय बाहेर आलेली टोकं ओबडधोबड दिसतात म्हणून ती कापायला लावली. जांभ्यावर माझी जेमतेम दोन बोटं उरली.

शिमग्याला पालखी आली. महिपत काठावरून ओरडत होता, “एकेक जावा रे!” ढोलापुढे ऐकतो कोण? बारा जण चढले आणि मधोमध पालखी नाचवू लागले. वाकण्याचं गणित बरोबर होतं हो साहेबाचं, पण त्या शहाण्याने टोकांचा हिशेब धरलाच नव्हता. मी खोल वाकलो आणि टोकं दगडावरून निसटली. पालखीच्या पुढच्या दांड्याला महिपतचा मुलगा रघू होता. त्याचा पाय माझ्याखाली चिरडला.

साहेब परत आला. मला हातही न लावता त्याने लिहिलं, ‘सुताराने कुजकं लाकूड वापरलं.’ आणि गावाने माना डोलावल्या. माझ्यावरून रोज ये-जा करणारे हे लोक! कागद दिसला की यांची मान आपोआप हलते. थूः! माझ्यात एक चीर पडलेली नाही.

आता मी महिपतच्या अंगणात पडलोय. त्याच्याकडे कुणी काम घेऊन येत नाही. रघू कुबडी शेजारी ठेवून दिवसभर माझ्यावर बसून असतो. काल त्याने बापाला विचारलं, “बाबा, खराच कुजका व्हता काय ओ?”

महिपत उठून आत गेला.

गाव काय म्हणतं त्याची मला फिकीर नाही. पण महिपत, पोराने विचारलंय. करवत आण आणि मला मधोमध काप. त्याला आतलं लाकूड बघू दे.